हृदयातली वीज कॅमेऱ्यात कशी टिपायची: ऑप्टिकल मॅपिंगची सविस्तर पद्धत

ऑप्टिकल मॅपिंग म्हणजे हृदयावर पसरणारी वीज रंगद्रव्याच्या चमकेतून कॅमेऱ्याने टिपणं. ते पहिल्यांदा करणाऱ्याला पडद्यावर रेघ उलटी दिसते. पेशीतला विद्युतदाब वर चढत असतो आणि ट्रेस, म्हणजे ती रेघ, मात्र खाली उतरत असतो. यंत्र बिघडलेलं नसतं. डाय-४-अनेप्स हे रंगद्रव्य पेशीच्या पटलात जाऊन बसतं, आणि लाल बाजूच्या फिल्टरमधून पाहिलं तर पेशी उत्तेजित होताच त्याची चमक घटते. घटते तीही किती? १०० मिलिव्होल्टला फार तर १० टक्के. अख्ख्या हृदयावर प्रत्यक्षात ४-५ टक्के हाती लागले तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. उजळ चमकणाऱ्या पृष्ठभागावरचा एवढासा बदल आपल्याला सेकंदाला हजार वेळा, हजारो बिंदूंवर, एकाच वेळी मोजायचा असतो.

हे काम मी बरीच वर्षं केलं आणि पुढे विद्यार्थ्यांना शिकवलं. शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते: ट्रेस खराब आला की माणूस आधी सॉफ्टवेअरकडे वळतो, फिल्टर वाढवतो, रेघ गुळगुळीत करून घेतो. चूक मात्र बहुतेक वेळा तासाभरापूर्वी झालेली असते. नळीत बुडबुडा राहिलेला असतो, द्रावण थंड झालेलं असतं, किंवा डाय (रंगद्रव्य) घाईने टोचलेला असतो. म्हणून या लेखात संगणकापेक्षा टेबलावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. उदाहरण सशाच्या हृदयाचं घेतलं आहे, कारण उंदराच्या मानाने त्याचं ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे पेशी उत्तेजित होताना तिच्या विद्युतदाबात होणारा चढउतार, माणसाच्या जवळचं आहे. त्याला स्पष्ट पठार (चढलेला दाब काही वेळ टिकून राहतो तो भाग) असतं, उंदराच्या जवळजवळ नसतंच.

प्रकाशच का?

काचेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड १९४९ मध्ये लिंग आणि जेरार्ड यांनी नावारूपाला आणला. पेशीच्या आतला खरा विद्युतदाब तो मिलिव्होल्टमध्ये सांगतो, पण एका वेळी एकाच पेशीचा. पृष्ठभागावर टेकवायच्या इलेक्ट्रोडच्या जाळ्या अनेक जागा दाखवतात, पण पेशीबाहेरचा सिग्नल देतात. पेशी पूर्ववत होण्याचा भाग त्यातून काढणं अवघड जातं. शिवाय डिफिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचा बेताल थरकाप मोडायचा, झटका दिला की ॲम्प्लिफायर काही क्षण आंधळा होतो, आणि तेच क्षण आपल्याला हवे असतात. प्रकाशाला विजेच्या झटक्याने काही होत नाही. डिफिब्रिलेशन नेमकं कसं घडतं किंवा कसं फसतं, याचं बरंचसं ज्ञान ऑप्टिकल मॅपिंगमधून आलं ते यामुळेच.

पटलाच्या विद्युतदाबाबरोबर बदलणाऱ्या रंगद्रव्यांचं काम लॉरेन्स कोहेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस माखलीच्या जातीच्या स्क्विडच्या चेतातंतूवर सुरू केलं. १९७६ मध्ये सलामा आणि मोराद यांनी मेरोसायनिन ५४० वापरून बेडकाच्या हृदयाचं ॲक्शन पोटेन्शियल प्रकाशातून नोंदवलं. पुढच्या दशकात लेस्ली लोव यांच्या प्रयोगशाळेतून अनेप्स कुळातली रंगद्रव्यं आली, आणि ती आजही रोजच्या वापरात आहेत.

परवानगी आणि हाताची तयारी

भारतात प्राण्यांवरचा कोणताही प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसारच करता येतो. पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए म्हणतात ती ही समिती. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय प्राणी मागवायचासुद्धा नाही. अर्जात प्राण्यांची संख्या का हवी, भूल कोणती, वेदना कशी टाळणार, हे लिहावं लागतं. हा भाग उरकून टाकू नका. संख्येचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला की प्रयोगाची आखणीही सुधारते, हा माझा अनुभव आहे.

एक हृदयही वाया जाऊ नये म्हणून हात आधीच बसवा. चिकनच्या दुकानातून कोंबडीची हृदयं आणा. आकार सशाच्या हृदयाच्या आसपास, महाधमनीही हाताळण्याजोगी. ती पाण्याखाली धरून कॅन्युलावर, म्हणजे हृदयात द्रावण सोडायच्या बारीक नळीवर, चढवायची, रेशमी धाग्याची गाठ मारायची, पुन्हा सोडायची. दोन चिमटे, एक गाठ, आणि आत एकही बुडबुडा नाही. सलग वीस वेळा हे दोन मिनिटांच्या आत जमेपर्यंत जिवंत प्राण्याकडे वळू नका.

प्रकाशाची वाट

यंत्राचे भाग मोजकेच: हिरवा प्रकाश, फिल्टर, लेन्स, कॅमेरा. चूक करायला जागा मात्र पुष्कळ.

डाय-४-अनेप्ससाठी ५२० ते ५३० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. आता जवळपास सगळे त्यासाठी ताकदवान एलईडी वापरतात. एलईडीला स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर घ्या. वीज भराभर चालू-बंद करून उजेड कमीजास्त करणारे स्वस्त ड्रायव्हर इथे चालत नाहीत, ती उघडझाप सरळ ट्रेसमध्ये उतरते. एलईडीसमोर ५३० च्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर हवाच, कारण हिरव्या एलईडीच्या प्रकाशालाही लाल शेपूट असते. ती हृदयावरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरते आणि आपला ५ टक्क्यांचा बदल ३ वर आणून ठेवते.

कॅमेऱ्यासमोर ६५० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावायचा. तो कुठे लावला याने फरक पडतो. थर देऊन बनवलेल्या फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याची सीमा कमी तरंगलांबीकडे सरकते, म्हणून तो समांतर किरणांच्या जागी बसवावा. त्यासाठी एक जुनी युक्ती फार उपयोगाची आहे: फोटोग्राफीच्या दोन लेन्स तोंडाला तोंड लावून, दोन्ही अनंतावर फोकस करून बसवायच्या. मधल्या जागेत किरण समांतर असतात, तिथे फिल्टर. हृदयाकडे ८५ मिलिमीटरची आणि कॅमेऱ्याकडे ५० मिलिमीटरची लेन्स ठेवली तर प्रतिमा ०.५९ पट होते, म्हणजे १० मिलिमीटरच्या सेन्सरवर १७ मिलिमीटरचा चौकोन मावतो. सशाच्या डाव्या-उजव्या निलयाचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा) समोरचा भाग त्यात नीट बसतो. लेन्सचं छिद्र जितकं मोठं तितकं चांगलं. एफ २.८ ऐवजी एफ १.४ घेतली की प्रकाश चौपट मिळतो, आणि इथे प्रकाश हीच कमाई आहे.

ती का, हे आकड्यांत पाहा. एका पिक्सेलवर एका फ्रेममध्ये १०,००० फोटॉन पडले तर त्यांची नैसर्गिक चंचलता वर्गमुळाइतकी, म्हणजे १०० ची असते. ५ टक्के सिग्नल म्हणजे ५०० फोटॉन. सिग्नल गोंगाटाच्या ५ पट झाला. आता १,००,००० फोटॉन पडू द्या. गोंगाट साधारण ३१६, सिग्नल ५,०००, प्रमाण जवळपास १६. यातला कोणताही सुधार संगणकावर नंतर विकत मिळत नाही.

कॅमेरा निवडताना

विक्रेते ‘संवेदनशील’ कॅमेरा दाखवतात, अंधारात एकेक फोटॉन मोजणारा. आपलं काम उलट आहे. आपल्याकडे उजेड भरपूर आहे, त्यावरची लहर बारीक आहे. म्हणून कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात हे आधी विचारा. विहीर उथळ असेल तर उजेड वाढवण्याआधीच ती भरून वाहते. दुसरा प्रश्न बिटचा. ८ बिटच्या कॅमेऱ्यात उजेड २०० वर असेल तर ५ टक्के म्हणजे १० पायऱ्या. ट्रेस जिन्यासारखा दिसतो. १४ बिटमध्ये उजेड १३,००० वर असेल तर तोच बदल ६५० पायऱ्यांचा होतो.

वेग सेकंदाला १,००० फ्रेम धरा. निलयात उत्तेजनाची लहर स्नायूतंतूंच्या दिशेने साधारण ६० सेंटिमीटर प्रति सेकंद धावते, म्हणजे एका मिलिसेकंदात ०.६ मिलिमीटर. ५०० फ्रेमवर लहर एका उडीत सव्वा मिलिमीटर पुढे जाते आणि वेगाचा हिशेब ढोबळ होतो. पिक्सेलची संख्या मात्र १०० गुणिले १०० असली तरी पुरते. एकेकाळी १६ गुणिले १६ फोटोडायोडच्या जाळीवर लोकांनी उत्तम काम केलं आहे. संख्येपेक्षा प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला आलेला प्रकाश महत्त्वाचा.

हृदयाआधी यंत्राची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नारिंगी चमकणारा प्लास्टिकचा तुकडा हृदयाच्या जागी ठेवा आणि चार सेकंद चित्रण करा. तो स्थिर आहे, त्यामुळे ट्रेसमध्ये जे काही हलेल ते यंत्राचं. त्याचं वारंवारता-चित्र काढा. १०० हर्ट्झवर टोक दिसलं तर खोलीत कुठेतरी ट्यूबलाइट किंवा दिवा चालू आहे, किंवा एलईडीचा वीजपुरवठा शुद्ध नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि दिवा एका आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणून १००. ५० हर्ट्झचं टोक बहुधा तारांमधून ईसीजीत घुसलेलं असतं, कॅमेऱ्यात क्वचितच. वीसतीस हर्ट्झवर काही थरथरत असेल तर एलईडीचा पंखा किंवा टेबल हलत असतं. काळं जाड कापड पडद्यासारखं चहूबाजूंनी सोडा. दाराची फटही बंद करा.

त्याच उंचीवर आलेख कागदाचा तुकडा ठेवून एक फोटो काढून ठेवा. पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर हे पुढे त्यावरूनच ठरणार आहे. लेन्सला नंतर हात लावला तर हा फोटो पुन्हा काढायचा.

टायरोडचं द्रावण

टायरोड म्हणजे रक्ताऐवजी हृदयातून वाहवायचं क्षारांचं द्रावण. सिडनी रिंगर यांची गोष्ट या खोलीत प्रत्येकाला माहीत असावी. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात त्यांनी बराच वेळ धडधडत ठेवलं. नंतर कळलं, द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं नव्हतं, नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं. आपण पाणी शुद्धच घ्यायचं आणि कॅल्शियम मोजून घालायचं.

एका लिटरला मी असं मोजतो: सोडियम क्लोराइड ७.५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, सहा पाण्याचं मॅग्नेशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, निर्जल सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१४ ग्रॅम, ग्लुकोज २ ग्रॅम. दोन पाण्याचं कॅल्शियम क्लोराइड ०.२६ ग्रॅम सर्वात शेवटी. शेवटी म्हणजे खरंच शेवटी. आधी द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण १५-२० मिनिटं सोडा, पीएच ७.४ वर येऊ द्या, मग कॅल्शियम विरघळवून हळूहळू घाला. उलट क्रमाने केलंत तर बाटलीत दुधी धुकं उठतं. तो कॅल्शियमचा साका असतो. तेवढं कॅल्शियम हृदयाला मिळत नाही आणि तो साका बारीक रक्तवाहिन्या बुजवतो. असं द्रावण गाळून वापरू नका, सरळ फेकून द्या.

तापमान हृदयाजवळ मोजा. पाण्याच्या टाकीवर ३७ दिसत असेल आणि वातानुकूलित खोलीत दीड मीटर नळी असेल, तर हृदयापाशी पोचेपर्यंत ते ३४ वर येऊ शकतं. थंडीने वहन मंदावतं आणि ॲक्शन पोटेन्शियल लांबतं. औषधाचा म्हणून जो परिणाम आपण लिहितो तो कधीकधी नळीतल्या थंडीचा असतो. दुहेरी भिंतीची नळी वापरा आणि हृदय काचेच्या खिडकीच्या कोमट पेटीत बुडवून ठेवा, म्हणजे पृष्ठभागही गार पडत नाही.

हृदय टांगणं

ऑस्कर लँगेनडॉर्फ यांची पद्धत १८९५ ची, आणि तिचं मूळ तत्त्व तसंच आहे. महाधमनीत उलट दिशेने द्रावण सोडलं की तिची झडप मिटते, आणि द्रावणाला हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांखेरीज दुसरी वाट उरत नाही. हृदय धडधडत राहतं.

मंजूर पद्धतीने हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पूर्ण भूल दिल्यावर हृदय काढून लगेच थंड टायरोडमध्ये घ्यायचं. इथून कॅन्युलावर द्रावण सुरू होईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा आणि वहीत लिहा. दोनतीन मिनिटांत काम व्हायला हवं. कॅन्युलाचं टोक झडपेच्या वर राहिलं पाहिजे. ते खोल गेलं तर रक्तवाहिन्यांची मुखंच झाकली जातात. दाब ६० ते ८० मिलिमीटर पारा ठेवा. पंपाऐवजी उंचीवर बाटली टांगूनही हे साधतं: ७० मिलिमीटर पाऱ्यासाठी द्रावणाची पातळी हृदयापासून साधारण ९५ सेंटिमीटर वर. सशाच्या हृदयातून मिनिटाला साधारण २० ते ४० मिलिलिटर वाहायला हवेत. प्रवाह हळूहळू घटत गेला तर नळीत किंवा रक्तवाहिन्यांत काही अडकलं आहे असं समजा.

बुडबुड्याबद्दल एक प्रसंग सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका हृदयाचा डावा भाग लख्ख चमकला आणि उजव्या निलयावर एक अंधारा डाग राहिला. डाय पुरला नाही असं वाटून मी आणखी दिला, डाग तसाच. नकाशावर तिथे लहर वळसा घालून जात होती. ते इतकं सुंदर दिसत होतं की तासभर मी त्याचंच चित्रण करत राहिलो. हृदय उतरवताना कॅन्युलाच्या जोडणीच्या कोपऱ्यात हवेचा अर्धा मणी सापडला. त्याच्यातून सुटलेल्या बारीक बुडबुड्यांनी तिथल्या वाहिन्या बंद केल्या होत्या. एका प्राण्याचा जीव गेला होता आणि त्या दिवसाचं काहीच वापरता येणार नव्हतं. तेव्हापासून द्रावण चालू करण्याआधी कॅन्युला, जोडणी आणि बुडबुडे अडवणारी कुपी टॉर्च मारून पाहायची, ही माझी ठरलेली सवय आहे.

टांगल्यावर २० मिनिटं काहीच करू नका. ईसीजी लावा. ठोके नियमित होऊ द्या, रंग एकसारखा गुलाबी-फिकट होऊ द्या. २० मिनिटांनंतरही अनियमितता असेल तर प्रयोग तिथेच थांबवायचा. तो निर्णय आधीच कागदावर लिहून ठेवलेला बरा, नाहीतर त्या क्षणी मन तडजोड करतं.

थांबवणं आणि रंगवणं

धडधडणारं हृदय कॅमेऱ्यासमोर सरकतं आणि पिक्सेलखालची जागाच बदलते. अशा ट्रेसची ओळख सोपी आहे: उत्तेजनाच्या उतारानंतर दुसरा, संथ फुगवटा येतो. हृदयाच्या एका कडेला तो वर जातो तर समोरच्या कडेला खाली. पूर्वी डायॲसेटिल मोनॉक्सिम वापरून आकुंचन थांबवत. ते स्वस्त आहे, पण आयन वाहिन्यांवरही परिणाम करतं. आता ब्लेबिस्टॅटिन वापरतात. हृदयाच्या मॅपिंगसाठी त्याचा वापर २००७ मध्ये इगोर येफिमोव्ह यांच्या गटाने दाखवून दिला. ते मायोसिनला, म्हणजे स्नायू आकुंचवणाऱ्या प्रथिनाला, रोखतं, त्यामुळे वीज चालू राहते आणि हालचाल थांबते.

मात्रा ५ ते १० मायक्रोमोलर. महाग असल्याने द्रावण फिरवून पुन्हा वापरतात. दोन काळज्या घ्या. एक, ते पाण्यात सहज विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकातलं मूळ द्रावण कोमट टायरोडमध्ये जोरात ढवळत थेंबाथेंबाने सोडा. गार द्रावणात ओतलंत तर पिवळे कण दिसतील आणि ते रक्तवाहिन्यांत जातील. दोन, निळ्या प्रकाशात ते निकामी होतं आणि त्यातून पेशींना घातक पदार्थ बनतात. बाटलीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा आणि खोलीत लाल दिवा वापरा. ब्लेबिस्टॅटिनने काहीच बदलत नाही असं मात्र समजू नका. प्रत्येक गटाची तुलना त्याच मात्रेवरच्या नियंत्रण गटाशी करा.

हालचाल थांबली की डाय. डीएमएसओत मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं डाय-४-अनेप्सचं मूळ द्रावण ठेवा. त्यातले ५० ते १०० मायक्रोलिटर १ मिलिलिटर कोमट टायरोडमध्ये डाय विरघळायला मदत करणाऱ्या थोड्या प्लुरॉनिक एफ-१२७ सह मिसळा आणि बुडबुड्यांच्या कुपीआधीच्या तोंडातून पाच मिनिटं घेऊन टोचा. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. एकदम ढकलला तर डीएमएसओच्या झोताने ठोके बिघडतात आणि डाय पहिल्या वाहिन्यांतच अडकतो. टोचताना ईसीजीवर नजर ठेवा. क्यूआरएस (निलय उत्तेजित होतानाचं ईसीजीतलं टोक) रुंदावू लागला तर थांबा, दोन मिनिटं जाऊ द्या.

विजेबरोबर कॅल्शियमही पाहायचं असेल तर विजेसाठी आरएच२३७ आणि कॅल्शियमसाठी रोड-२ एएम ही रंगद्रव्यांची जोडी घ्या. दोन्ही ५३० च्या प्रकाशावर चालतात. रोड-२ ची चमक ५९० च्या आसपास आणि आरएच२३७ ची ७०० च्या पुढे, म्हणून मध्ये ६३५ चा विभाजक आरसा लावून दोन कॅमेऱ्यांवर वेगळी करता येतात. निरोगी हृदयात आधी वीज आणि काही मिलिसेकंदांनी कॅल्शियम वाढतं. उलटं दिसलं तर शोध जाहीर करण्याआधी दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळते आहे का ते तपासा.

चित्रण

प्लॅटिनमच्या दोन टोकांच्या इलेक्ट्रोडने पेसिंग करा, म्हणजे ठरावीक तालाने विजेचे स्पंद देऊन हृदय चालवा: २ मिलिसेकंदांचा स्पंद, उंबरठ्याच्या (हृदय जेमतेम प्रतिसाद देतं त्या ताकदीच्या) दुप्पट ताकद. उंबरठा दर तासाला पुन्हा मोजा. तो चढत गेला तर हृदय थकतं आहे, किंवा इलेक्ट्रोड सरकला आहे. सशासाठी मी ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने सुरू करतो. अंतर बदललं की लगेच चित्रण नको, निदान अर्धा मिनिट हृदयाला नव्या तालावर स्थिरावू द्या.

प्रकाश फक्त चित्रणाच्या २ ते ४ सेकंदांपुरता लावा. कॅमेऱ्याच्या संकेतानेच एलईडी उघडेल-मिटेल अशी जोडणी करा, कारण सतत प्रकाशाने डाय फिका पडतो आणि ऊती दुखावतात. सुरुवातीला आणि शेवटी त्याच तालाचं एकेक चित्रण घ्या. दोन्हींमधला फरक म्हणजे हृदयाचा स्वतःचा थकवा, तो वजा केल्याशिवाय औषधाबद्दल बोलता येत नाही. प्रकाश बंद ठेवून एक काळी फ्रेमही घ्या.

संगणकावर

इलेक्ट्रोमॅप आणि ऱ्हिदम ही मुक्त सॉफ्टवेअर चांगली आहेत. पण बटणं दाबण्याआधी आतला क्रम कळलेला असावा. काळी फ्रेम वजा करा. हृदयाबाहेरचे पिक्सेल झाका. शेजारचे पिक्सेल एकत्र करा, म्हणजेच बिनिंग: ३ गुणिले ३ पुष्कळदा पुरतं. पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा असेल तर ७ गुणिले ७ म्हणजे जवळपास १.२ मिलिमीटरची धूसरता. लहर अडते अशी अरुंद जागा त्यात विरघळून जाते. मग १०० हर्ट्झच्या आसपासचा, वेळ न सरकवणारा फिल्टर. मग घसरती पायरेषा सरळ करणं. मग ट्रेस उलटा करून ० ते १ मध्ये बसवणं.

हे ० ते १ म्हणजे मिलिव्होल्ट नव्हेत, हे विसरू नका. कुठे डाय जास्त, कुठे प्रकाश जास्त. उंचीवरून दोन जागांची तुलना करता येत नाही. वेळेची मात्र करता येते. उलटवलेल्या ट्रेसचा चढ सर्वात तीव्र असतो तो क्षण म्हणजे त्या जागेची उत्तेजनाची वेळ. चढ सूक्ष्म इलेक्ट्रोडपेक्षा संथ दिसेल, कारण पिक्सेलला पृष्ठभागाखालच्या काही दशांश मिलिमीटर ऊतीचा एकत्रित प्रकाश मिळतो आणि त्या खोलीतल्या पेशी एकाच क्षणी उत्तेजित होत नाहीत.

वेग काढणं वरवर सोपं: ६ मिलिमीटर अंतर, १० मिलिसेकंद फरक, म्हणजे ६० सेंटिमीटर प्रति सेकंद. पण पेसिंगच्या जागेजवळचे दोनेक मिलिमीटर सोडा, तिथे स्पंदाने एकदमच मोठा भाग उत्तेजित होतो. लहर आतल्या थरातून वर फुटली असेल तर शेजारचे बिंदू जवळजवळ एकाच वेळी पेटतात आणि वेग अशक्य येतो. १५० सेंटिमीटर प्रति सेकंद असा आकडा निलयाच्या पृष्ठभागावर दिसला तर आनंद नको, नकाशा पाहा. निरोगी निलयावर समकाल रेषा (एकाच वेळी उत्तेजित झालेले बिंदू जोडणाऱ्या रेषा) लंबवर्तुळाकार हव्यात, तंतूंच्या दिशेने लांब आणि आडव्या दिशेने अरुंद.

अनेक ठोक्यांची सरासरी स्थिर तालातच घ्या. फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या बेताल थरकापात, सरासरी निरर्थक आहे. तिथे दर पिक्सेलची अवस्था, म्हणजे तो उत्तेजनाच्या चक्रात कुठे आहे ते, कोनात मांडायची, आणि ज्या बिंदूभोवती सगळ्या अवस्था एकत्र येतात तो फिरत्या लहरीचा केंद्रबिंदू. ग्रे, पर्त्सोव्ह आणि जालिफे यांनी १९९८ मध्ये हा मार्ग दाखवला. तो बिंदू पडद्यावर सरकताना पाहिला की हृदयाचा गोंधळ हा नुसता गोंधळ नाही हे डोळ्यांना कळतं.

मूळ चित्रणावर कधीही बदल साठवू नका. त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर त्याच संध्याकाळी जायला हवी, सोबत कोणता फिल्टर, किती बिनिंग, कुठला मुखवटा याची नोंद. वर्षभराने परीक्षक विचारतात तेव्हा आठवण कामाला येत नाही.

दिवस संपताना

हृदय उतरवल्यावर नळ्यांमधून आधी भरपूर कोमट शुद्ध पाणी सोडा, मग सौम्य ॲसेटिक ॲसिड, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी सगळ्या नळ्या हवेने कोरड्या करून उघड्या ठेवा. ग्लुकोजचा थेंब नळीत राहिला तर दोन दिवसांत आत बुळबुळीत थर धरतो. त्यातल्या जंतूंनी पुढच्या हृदयाचा प्रवाह अर्ध्या तासात घटतो आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. बोटाने नळीचं टोक आतून चोळून पाहा. घसरडं लागलं तर ती नळी बदलायची.